जिथं नुसतीच गाडी थांबायची, तिथं उतरलो

माझं आजोळ मसूरचं. त्यामुळे मे महिन्याची सुट्टी लागली की पुण्याहून पॅसेंजर, आणि पॅसेंजर म्हटलं की आदर्की. घाट चढून दमलेली गाडी आदर्कीला थांबायची ती थांबायचीच. समोरून येणारी गाडी गेल्याशिवाय हलायची नाही. क्रॉसिंग हा शब्द मी शाळेत इंग्रजी शिकायच्या आधी तिथं शिकलो. आजी म्हणायची, "आलं आदर्की, डबा काढा." मग दशम्या, लसणाची चटणी, खिडकीतून घेतलेले पेरू. गाव कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. गेल्या चाळीस वर्षांत तिथून शेकडो वेळा गेलो असेन, पण त्या भागात एकदाही उतरलो नव्हतो.

या जानेवारीत उतरलो. कारण भाचा. वय वर्षं बारा, आणि डोक्यात रेल्वेशिवाय दुसरं काही नाही. त्यानं मला मोबाइलवर अमेरिकेतलं एक ठिकाण दाखवलं. पेनसिल्व्हेनिया राज्यात क्रेसन म्हणून गाव आहे, तिथं स्टेशन इन नावाचं छोटं मुक्कामाचं घर आहे. पडवीत खुर्च्या टाकून मंडळी दिवसभर बसलेली, समोरून मैलभर लांबीच्या मालगाड्या चाललेल्या. 1854 साली सुरू झालेलं घोड्याच्या नालेसारखं प्रसिद्ध वळण तिथून जवळच. "मामा, आपल्याकडे असं काही नाही का?" मी म्हटलं, "आपल्याकडे रुळाशेजारी राहणारे लोक गाड्यांना कंटाळलेत, पैसे देऊन कोण राहील?"

माझं चुकलं होतं. ऑफिसातल्या एकानं सांगितलं, की वाठार आणि आदर्कीच्या मध्ये एका निवृत्त गार्डानं आपल्या रानात तीन खोल्या बांधल्यात, खास रेल्वेचं खूळ असणाऱ्यांसाठी. फोन लावला. पलीकडून आवाज आला, "या की. पर आधीच सांगतो, टीव्ही न्हाई, एसी न्हाई. गाड्या हायत."

शनिवार

जाताना पॅसेंजरच धरली. एक्स्प्रेसनं गेलो असतो तर तासभर वाचला असता, पण भाच्याला प्रत्येक स्टेशनची पाटी वाचायची होती. जेजुरीचा गड डावीउजवीकडे करत मागं पडला, नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरलो, लोणंदला डब्यात कांद्याचा वास आला. सालप्यानंतर घाट. वळणावर पुढचं इंजिन आणि मागचा शेवटचा डबा एकाच खिडकीतून दिसतो तो क्षण भाच्यानं व्हिडिओत पकडला आणि तीन दिवसांत मला किमान तीस वेळा दाखवला.

वाठार स्टेशनला उतरलो. गावाचं नावच वाठार स्टेशन. आसपास वाठार नावाची गावं बरीच असल्यानं इथं स्टेशन शब्द गावालाच चिकटला. काका, म्हणजे तेच निवृत्त गार्ड, न्यायला आले होते. आम्ही वडापनं जीपच्या मागच्या फळीवर, काका मोटारसायकलवर पुढं. भाच्यानं विचारलं, "ते पायलट इंजिन का?" तिथून दोघांचं जमलं.

घर रुळापासून चाळीसेक पावलांवर. मधे तारेचं कुंपण आणि कोरडा ओढा. पडवीत लाकडी पट्ट्यांची दोन लांब बाकं, जुन्या फलाटावर असायची तसली, तोंडं रुळांकडे. तीन खोल्या. दारांवर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात नावं: अप, डाऊन आणि लूप. अपमध्ये सांगलीच्या एक मावशी, डाऊनमध्ये पिंपरीची कॉलेजातली दोन पोरं, कॅमेऱ्याची पिशवी त्यांच्यापेक्षा जड. उरलेली आम्हाला. "तुमाला लूपमधी घ्यावं लागतंय बगा," काका म्हणाले. "मेन लाइन भरली."

(ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी: मुंबईकडे जाणारी ती अप, कोल्हापूरकडे जाणारी ती डाऊन. आणि मागच्या किंवा समोरच्या गाडीला वाट द्यायला एखादी गाडी स्टेशनात बाजूच्या रुळावर घेतात, तो रूळ म्हणजे लूप. माझ्या आयुष्याची बरीच वर्षं तिथंच गेली.)

काकांनी नोकरीतलं सामान भिंतीवर मांडून ठेवलंय. हिरवी आणि लाल झेंडी, काच फिरवून रंग बदलणारा हातदिवा, शिट्टी, आणि खाली कोपऱ्यात गार्डाची लोखंडी पेटी, पांढऱ्या रंगात नाव घातलेली. ती पेटी हमालानं ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या शेवटी असणाऱ्या गार्डाच्या डब्यात चढवायची, ड्यूटी संपली की उतरवायची. 2022 च्या जानेवारीत रेल्वेनं गार्ड हे पदनाम बदलून ट्रेन मॅनेजर केलं. काका त्याआधीच निवृत्त झालेले. "आयुष्यभर गार्ड म्हणून थंडीत कुडकुडलो आन् मॅनेजर व्हायच्या टायमाला घरी बसलो," म्हणून हसतात. मालगाडीच्या ब्रेक व्हॅनचं वर्णन त्यांच्याच तोंडून ऐकावं: दिवा नाही, संडास नाही, पंखा नाही, बसायला लोखंडी बाक, आणि रात्री दोन वाजता सिग्नल लाल झाला की आजूबाजूला नुसतं रान.

मला सगळ्यात आवडली ती त्यांची वही. शंभर पानी, उभ्या रेघा मारलेली. समोरून गेलेल्या प्रत्येक गाडीची वेळ, इंजिनाचा नंबर, डबे किती, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. 'हॉर्न बसलेला.' 'गार्डानं हात केला.' 'गार्ड झोपलेला असावा.' ड्यूटीवर असताना प्रत्येक स्टेशनची वेळ लिहायची सवय, ती सुटत नाही. काकू म्हणाल्या, "आदी गाडी ह्यास्नी घिऊन जायची, आता हे घरात बसून गाडीला घिऊन जात्यात."

दुपारी तीनच्या आसपास डाऊन कोयना. गाडी यायच्या आधी काय काय होतं ते मी तीन दिवस टिपत होतो. पहिल्यांदा कुत्र्याचा कान हलतो. मग वरच्या तारेत बारीक थरथर. मग स्वयंपाकघरातल्या फळीवर ओळीनं लावलेले पितळेचे डबे. सगळे नाहीत, डावीकडून तिसरा एकटाच किणकिणतो, त्याचं झाकण सैल आहे. मालगाडी असली तर सगळी फळी बोलायला लागते. मग कपातल्या चहावर वर्तुळं. आणि या सगळ्यानंतर प्रत्यक्ष गाडी, जिचा आवाज सर्वांत शेवटी येतो, कारण आता इंजिन विजेचं आहे.

यावर पडवीत भांडण आहे. पिंपरीच्या पोरांचं म्हणणं, विद्युतीकरणानं घाटाची मजा गेली. डब्ल्यूडीएम म्हणजे अल्को जातीचं डिझेल इंजिन घाट चढायचं तेव्हा चार किलोमीटरवरून कळायचं, काळा धूर आणि छाती ठोकल्यासारखा तो ठेका. डब्ल्यूडीजी-4 चार हजार अश्वशक्तीचं, त्याची गुरगुर वेगळी. आताचं डब्ल्यूएपी-7 सहा हजारांच्या वर ताकदीचं, पण येतं कसं? काकांच्या शब्दांत, "चोरावानी." भाच्यानं लगेच सगळ्यांना अक्षरं समजावून सांगितली: डब्ल्यू म्हणजे मोठा रूळ, डी डिझेल, ए वीज, पी प्रवासी, जी माल, एम दोन्हीला चालणारं. काकूंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "धुराचं कौतुक तुमाला. माजं पापडाचं वाळवण कोन धुनार हुतं?" या मुद्द्याला कोणाकडे उत्तर नव्हतं.

सूर्य मावळताना कोल्हापूरहून येणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस गेली. ही गाडी गोंदियाला पोचते ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तेराशे किलोमीटरहून जास्त, सगळा प्रवास महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात. पिवळ्या उजेडाच्या खिडक्या एकामागून एक सरकत होत्या. एका खिडकीत एक बाई पोराला भरवताना दिसली. आतून बाहेर बघताना आपल्याला वाटतं रान रिकामं आहे. बाहेरून बघताना कळलं, पडवीत बसलेल्या सहा जणांना तिचा घास दिसला.

जेवायला वाघ्या घेवड्याची आमटी. कोरेगाव तालुक्याचा हा घेवडा, अंगावर वाघासारखे पट्टे, 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पुण्यात राजमा म्हणून जे मिळतं त्याच्याशी याची तुलना काकूंसमोर करू नका, मी केली. बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, कच्चा कांदा. आमटी तीनदा घेतली. दाणा शिजून मऊ, पण पट्टा शिजल्यावर निघून जातो, त्याचं भाच्याला फार वाईट वाटलं.

रात्री प्रचंड थंडी. घाटमाथ्यावरचा वारा खिडकीच्या फटीतून सुरीसारखा. जानेवारीत जाणार असाल तर कानटोपी आणि पायमोजे न्याच, पांघरुणं ते देतात पण पडवीत बसणार ना तुम्ही. मध्यरात्रीच्या सुमारास अप महालक्ष्मी, आणि तीनच्या आधी डाऊन महालक्ष्मी. दुसरीला मी जागा नव्हतो. डाव्या बाजूचा तिसरा डबा वाजला आणि झोपेतच मला कळलं, गाडी गेली. एका दिवसात एवढी सवय.

रविवार

सकाळी उठून बघतो तर काका वही मिटून बसलेले. "आज ब्लॉक हाय."

म्हणजे रूळ आणि तारांच्या कामासाठी काही तास वाहतूक बंद. गाड्या बघायला आलेल्या माणसाला, गाड्या बंद असलेल्या दिवशी. आदल्या दिवशी बातमी छापून आली होती म्हणे, मी वाचली नव्हती. पिंपरीच्या पोरांना माहीत होतं, ती मुद्दाम आली होती. ब्लॉकमध्ये जी यंत्रं बाहेर पडतात ती एरवी दिसत नाहीत. म्हणून सूचना: नुसत्या गाड्या बघायच्या असतील तर रविवार टाळा, किंवा ब्लॉकची बातमी आधी बघून घ्या. आणि यंत्रं बघायची असतील तर रविवारच साधा.

कुंपणाच्या अलीकडून आम्ही दोन तास एक पिवळं धूड बघत होतो. रुळाखालची खडी दाबायचं मशीन. त्याच्या पोटाखाली लोखंडी बोटं असतात. मशीन पुढं सरकतं, एका स्लीपरवर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्टीवर येऊन थांबतं, रूळ किंचित वर उचलून धरतं, मग ती बोटं दोन्ही बाजूंनी खडीत घुसतात, थरथरत थरथरत खडी स्लीपरखाली ढकलतात, बाहेर येतात, पुढचा स्लीपर. एका जागेला काही सेकंदं. धूळ, कर्कश आवाज, आणि मागं सरळ झालेला रूळ. त्याच्या मागून ट्रॅकमनची गँग, नारिंगी जाकिटं, खांद्यावर फावडी. त्यातला कीमन काकांच्या ओळखीचा. हातात लांब दांड्याचा हातोडा, रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा, सैल झालेली क्लिप ठोकून बसवायची. पूर्वी रूळ लाकडी किंवा लोखंडी चाव्यांनी घट्ट धरलेला असे, म्हणून तो कीमन. चाव्या गेल्या, नाव राहिलं. जेवायच्या सुट्टीत गँग ओढ्याकाठच्या बाभळीखाली बसली. काकूंनी त्यांना ताकाची कळशी पाठवली, त्यांनी भाच्यासाठी शेंगदाण्याचा लाडू. भाच्यानं कीमनला विचारलं, "तुम्हाला गाड्या बघायला आवडतात का?" तो म्हणाला, "गाडी आली की आम्ही बाजूला हुतो, बाळ. बघायला कुठं टाइम."

इथं एक सांगायलाच पाहिजे. रुळावर उतरू नका, सेल्फी तर नकोच. विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणं रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात आणि विजेचं इंजिन खरंच चोरासारखं येतं. काका पाहुण्यांना कुंपण ओलांडू देत नाहीत. आधीच्या एका पाहुण्याला ओलांडल्याबद्दल त्याच दिवशी वडापमध्ये बसवून दिलं होतं.

दुपारी करायला काही नव्हतं, म्हणून सांगलीच्या मावशी बोलायला लागल्या. आदल्या दिवशी त्या फारशा बोललेल्या नव्हत्या, नुसत्या बसून होत्या. पोरांना वाटलं होतं, चुकून आल्या असाव्यात. त्यांचे वडील याच लाइनवर स्टेशनमास्तर होते. बालपण सगळं क्वार्टरमध्ये. तेव्हाची गाडी छोटी, मीटर गेज, वाफेचं इंजिन. सदर्न मराठा रेल्वेनं 1880 च्या दशकात टाकायला घेतलेला पुणे-मिरज रूळ त्यांच्या लहानपणापर्यंत तोच होता, रुंदी एक मीटर. स्टेशनात रुळाचा एक तुकडा टांगलेला, रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन त्यावर ठोके द्यायचा. गाडी अलीकडच्या स्टेशनावरून सुटली की ठोके पडायचे, आणि त्या ठोक्यांवर घराघरांत भाकरी तव्यावर पडायची.

"मी शाळेला कोरेगावला जायचे, गाडीनं," मावशी म्हणाल्या. "सातवीच्या परीक्षेला गाडी चुकली. रडत फलाटावर उभी. बाबांनी मालगाडी थांबलेली होती तिच्या गार्डला काय सांगितलं कोण जाणे. त्यानं मला ब्रेक व्हॅनमध्ये घेतलं. नियमात बसत नाही ते. कोरेगावला उतरवून म्हणाला, पास झालीस तर पेढा, नापास झालीस तर मला ओळखत नाहीस."

"मंग?" काका.

"पेढा द्यायला गेले तर त्याची बदली झालेली."

काका काही वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "असलं आमीबी क्येलंय." पुढचं विचारलं तर सांगितलं नाही.

1971 च्या सुमारास मोठी गाडी आली तेव्हा त्या आठवीत होत्या. जुन्या काळी साताऱ्याला जायचं तर सातारा रोडला उतरायचं, कूपरांच्या कारखान्याचं गाव ते. लोखंडी नांगर आणि डिझेल इंजिनं तिथं बनायची, आणि त्या कारखान्याचे धनजीशा कूपर 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान, आजच्या भाषेत मुख्यमंत्री होते. आताचं सातारा स्टेशन माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमापासून जवळ. काकांनी त्यावर मिरजेचा विषय काढला. ते नोकरीला लागले तेव्हा मिरज जंक्शनात तीन मापांचे रूळ होते. पुण्याकडे मोठा, हुबळीकडे मधला, आणि कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी धाकटी. पंढरीच्या वारकऱ्यांनी ती धाकटी भरून वाहायची. "तीन भावंडं एका अंगणात. धाकट्याच्या डब्यात उबं ऱ्हायलं तर टकुरं छताला."

संध्याकाळी चालत वाठार स्टेशनला गेलो. रेल्वे आल्यावर महाबळेश्वरला जाणारे साहेब लोक इथंच उतरत, आणि इथून टांग्यानं वाई, पसरणीचा घाट, पाचगणी असे साठेक किलोमीटर. आता महाबळेश्वरच्या गर्दीतल्या कोणाला वाठार सांगून बघा. स्टेशनसमोर चहा आणि वडापाव बरा मिळतो. एटीएमच्या भरवशावर जाऊ नका, रोख जवळ ठेवा.

परत येताना काकांना विचारलं, की दोहरीकरणानं तुम्हाला बरं वाटतं की वाईट? जुन्या रुळाशेजारी नवा रूळ आला, त्याचं मला कौतुकच आहे. पुण्याहून मसूरला जाताना अर्धा दिवस समोरच्या गाडीची वाट बघण्यात घालवलेला माणूस मी. काका म्हणाले, "बरंच हाय की. मी ब्रेकव्हॅनमधी चार-चार तास बसलोय क्रॉसिंगला." मग थोडं चालून, "पर क्रॉसिंग गेलं तसं पेरूवाली गेली. गाडी थांबायची म्हून तिचं घर चालायचं. लोकांस्नी वाटायचं वीस मिनटं वाया गेली. तिचा तेवढाच बाजार हुता." मला आजीचा डबा आठवला. त्यातल्या दशम्यांची चव आठवते, पेरू कोणाच्या हातून घेतले ते नाही.

ब्लॉक सुटला तेव्हा अंधार पडत होता. काकांच्या मेव्हण्यांच्या रानात शाळूचा हुरडा होता. आगटी पेटवलेली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं, हातावर चोळून गरम दाणे, सोबत लसूण-खोबऱ्याची चटणी आणि गूळ. आणि नेमक्या त्याच वेळी अडकलेल्या गाड्या ओळीनं सुटल्या. एक एक्स्प्रेस, मागं मालगाडी, समोरून मालगाडी. ज्वारीच्या ताटांच्या वरून इंजिनाचा झोत फिरायचा तेव्हा सगळं रान क्षणभर पांढरं व्हायचं. पोरं हुरडा टाकून कॅमेरे घेऊन पळाली. भाचा जागेवरून हलला नाही, दोन्ही हातांत कणसं धरून तोंडानं डबे मोजत राहिला. बेचाळीस बंद वाघिणी, आणि मागं ब्रेक व्हॅन. काकांनी खिशातून टॉर्च काढून हिरवा कागद लावलेला उजेड त्या व्हॅनकडे हलवला. अंधारातून हिरवा दिवा हलला. भाच्याचं तोंड उघडं ते उघडंच.

घरी येऊन काकांनी वहीत लिहिलं. 42. गार्ड जागा.

सोमवार

परतीची पॅसेंजर सकाळची होती. काकूंनी भाकऱ्या, घेवड्याची सुकी उसळ आणि किलोभर कोरडा घेवडा बांधून दिला. हिशेब केला, दोघांचे दोन रात्रींचे जेवणासकट जेवढे पैसे झाले तेवढ्यात महाबळेश्वरला एक रात्रही निघाली नसती. नावपत्ता मी इथं देत नाही, काकांनीच नको म्हटलंय. तीन खोल्यांना लोक पेलत नाहीत. वाठार स्टेशनला उतरून चहाच्या टपरीवर 'गार्डाचं घर' विचारलंत तर वाट सांगतील. जाताना दुर्बीण न्या, वही न्या. ड्रोन नेऊ नका. आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं, त्यामुळे सकाळी नंबर लागतो, आणि मावशी सगळ्यांच्या आधी उठतात.

मावशी अजून दोन दिवस राहणार होत्या. निघताना विचारलं, कंटाळा नाही येत? म्हणाल्या, "क्वार्टरमध्ये असताना सारखं वाटायचं, या गाडीत बसून कुठंतरी जावं. सगळीकडे जाऊन झालं." आणि चहा घेऊन पडवीत जाऊन बसल्या.

पॅसेंजर घाट उतरली आणि खालच्या एका लहान स्टेशनात लूपला जाऊन उभी राहिली. दोहरीकरण होवो नाहीतर तिहेरीकरण, पॅसेंजरच्या नशिबी लूप चुकत नाही. मागून कोल्हापूर-पुणे वंदे भारत काढायची होती. समोरच्या बाकावरचे गृहस्थ सारखे घड्याळ बघून चिडत होते, त्यांचं कोर्टात काम होतं पुण्याला. फलाटावर कोणी नव्हतं. पेरू नाही, भेळ नाही, चहासुद्धा नाही. मी काकूंची भाकरी सोडली, गृहस्थांना अर्धी दिली, त्यांनी घेवड्याची उसळ खाऊन चिडायचं थांबवलं.

वंदे भारत आली आणि गेली. खिडक्या बंद, कोण कुठं बसलंय ते दिसलं नाही.

सिग्नल पडला, गाडीला हिसका बसला. भाच्यानं वाठारच्या दुकानातून घेतलेली नवी वही उघडली, रेघा आधीच मारून ठेवलेल्या होत्या.

"मामा, किती वेळ थांबलो?"

"अठरा मिनिटं."

त्यानं लिहिलं, 18. मग शेऱ्याच्या रकान्यात थोडा विचार करून, 'भाकरी.'